एका न खेळणारीचे मनोगत

माणसांचे दोन वर्ग पाडण्याची हौस प्रत्येक काळाला असते. चहावाले आणि कॉफीवाले, लवकर उठणारे आणि उशिरा उठणारे, परीक्षेच्या आदल्या रात्री झोपणारे आणि न झोपणारे! अलीकडे या यादीत आणखी एका जोडीची भर पडली आहे : गेम खेळणारे आणि गेम न खेळणारे. मी या दुसऱ्या वर्गातली. आमच्या कट्ट्यावर 'लेव्हल', 'रँक', 'सर्व्हर' असे शब्द सुरू झाले, की मी निमूटपणे पिशवीतून पुस्तक काढते. माझी बोटेच त्या कामासाठी घडलेली नाहीत. एकदा धाकट्या भावाने कौतुकाने कंट्रोलर माझ्या हाती दिला. माझी मोटार पहिल्याच वळणावर समुद्रात गेली. ती अजून तिथेच असावी.

अशा मुलीने व्हिडिओ गेमवर लेख लिहावा, हा अधिकपणा नव्हे का? वाचकहो, आयुष्यात बॅट हाती न धरलेली माणसे पानाच्या गादीवर उभी राहून भारताच्या कर्णधाराला सल्ले देतात, ते आपण ऐकून घेतोच ना? मग मलाही तेवढी सूट द्या. शिवाय मला खरे तर खेळावर लिहायचे नाही. ग्रंथालयावर लिहायचे आहे. आणि तिथे मात्र माझा थोडा अधिकार आहे. गेली तीन वर्षे माझ्या ओळखपत्रावर कँटीनच्या चहापेक्षा ग्रंथालयाच्या शाईचेच डाग अधिक पडले आहेत.

निमित्त झाले ते आमच्या ग्रंथालयातल्या सूचनापेटीचे. यंदा त्या पेटीतून एक चिठ्ठी निघाली : 'ग्रंथालयात व्हिडिओ गेम ठेवावेत.' देवघेवीच्या खिडकीपाशी ती मोठ्याने वाचली गेली आणि जो हशा पिकला, तो अभ्यासिकेपर्यंत ऐकू गेला. 'उद्या भेळेची गाडीही आत आणा,' असे कोणीतरी म्हणाले. चिठ्ठीवर नाव नव्हते. पण हशा ओसरल्यावरही ती चिठ्ठी माझ्या डोक्यातून जाईना. ग्रंथालय म्हणजे काय, याचा आपण सर्वांनी ठरवून टाकलेला अर्थ त्या चार शब्दांनी हलवून सोडला होता.

'ग्रंथालय हे ज्ञानाचे मंदिर. तिथे खेळ कशाला?' हा पहिला आक्षेप. ऐकायला बिनतोड. पण गंमत अशी, की या मंदिराच्या दारात एके काळी कादंबरीलाही अडवले होते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतल्या सार्वजनिक ग्रंथालयांत वर्षानुवर्षे हा वाद चालला होता, की लोकांच्या पैशांतून लोकांना कादंबऱ्या का पुरवायच्या? कादंबरी वेळ खाते, तरुण डोकी बिघडवते, कामावरून लक्ष उडवते! हे सगळे आरोप आज आपल्या घरोघर ऐकू येतात. फक्त आरोपी बदलला आहे. आपल्याकडे बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्या वाचणारा मुलगा वडिलांच्या चाहुलीने पुस्तक गादीखाली सरकवत असे, असे माझे आजोबा सांगतात. (आजोबा ही माहिती 'दुसऱ्या एका मुलाची' म्हणून सांगतात.) आता कोणाला त्या काळच्या लोकप्रिय वाचनाचा अभ्यास करायचा झाला, तर ही पुस्तके शोधत हिंडावे लागते. हलके म्हणून जे जपले नाही, ते रद्दीत गेले.

आणि खेळ ग्रंथालयाला अगदीच परके आहेत असेही नाही. अँड्र्यू कार्नेगी या पोलादसम्राटाने अमेरिकेत बांधलेले पहिले ग्रंथालय पेन्सिल्वेनियातील ब्रॅडॉक गावी १८८९ मध्ये उघडले. त्यात पुस्तकांबरोबर बिलियर्डची टेबले होती आणि तळघरात गिरणीकामगारांसाठी स्नानगृह होते! दिवसभर भट्टीपाशी राबलेला माणूस आधी अंग धुईल, दोन डाव खेळेल, मग पुस्तकाकडे वळेल, असा तो हिशेब. सॅन फ्रान्सिस्कोत १८५४ साली स्थापन झालेल्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटमध्ये ग्रंथालय आणि बुद्धिबळाची खोली एकाच छपराखाली नांदत आली आहेत. १९३५ मध्ये, मंदीच्या काळात, लॉस एंजेलिसला मुलांना पुस्तकांसारखी खेळणी उसनी देण्याची योजना निघाली. आपले डॉ. शि. रा. रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक. पण १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले, त्यांतल्या शेवटच्या नियमात त्यांनी ग्रंथालयाची गणना वाढत्या सजीव वस्तूत केली. वाढत्या मुलाला गेल्या वर्षीचा सदरा आखूड होतो, यात मुलाचा दोष नसतो.

आणखी एक गोष्ट. ग्रंथालयात ज्या ड्युईच्या दशांश पद्धतीने पुस्तके लावतात, तिच्यात बुद्धिबळाला ७९४.१ हा क्रमांक आहे आणि संगणकावरच्या खेळांना ७९४.८. म्हणजे वर्गीकरण करणाऱ्यांनी या नव्या पाहुण्यासाठी पाट केव्हाच मांडून ठेवला आहे. आमच्या कपाटात त्या जागी पुस्तक नाही, खेळ नाही. धूळ मात्र आहे.

असो. पण केवळ 'जागा आहे म्हणून ठेवा' हा काही युक्तिवाद नव्हे. ठेवण्यासारखे त्यात काही आहे का, हा खरा प्रश्न. त्यासाठी मला माझ्या भावाकडे वळावे लागेल.

भाऊ यंदा अठरा वर्षांचा झाला. तो खेळतो. जेवायला हाक मारली तर 'आलो ताई, पाच मिनिटं' म्हणतो, आणि त्याची पाच मिनिटे आमच्या घड्याळात मावत नाहीत. दिवाळीच्या सुटीत एका रात्री मी त्याच्या शेजारी वाचत बसले होते. त्याच्या पडद्यावर ना मोटारी होत्या, ना धाडधाड बंदुका. एक पडके घर उभे कापून दाखवावे तसे दिसत होते; आत तीन-चार माणसे थंडीने कुडकुडत होती. शहराला वेढा पडलेला. दिवसा बाहेर पडले तर गोळी लागते. म्हणून रात्री एकाने जायचे आणि अन्न, औषध, लाकूड, मिळेल ते घेऊन यायचे. हा 'धिस वॉर ऑफ माइन' नावाचा गेम. पोलंडमधल्या कंपनीने २०१४ साली काढलेला. यात खेळणारा सैनिक नसतो. युद्धात सापडलेला साधा नागरिक असतो.

"ताई," भाऊ पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "हे पुस्तक जाळू का?"

मी दचकले. "पुस्तक? का म्हणून?"

"शेगडीत घालायला काही उरलं नाही. तो कोपऱ्यातला माणूस आजारी आहे. गारठला तर मरेल."

"दुसरं काही नाही का?"

"खुर्ची कालच फोडली. दोन पुस्तकं आहेत. ती वाचली तर माणसांचं मन जरा थाऱ्यावर राहतं, नाहीतर ती खचतात. जाळली तर ऊब मिळते. तू एवढी वाचणारी, तूच सांग."

मी काय सांगणार? पुस्तकांविषयीच्या माझ्या भक्तीला कोणत्याही परीक्षकाने कधी इतका सरळ प्रश्न घातला नव्हता. ग्रंथांचे महत्त्व या विषयावर मी शाळेपासून निबंध लिहीत आले आहे. पण एका पारड्यात पुस्तक आणि दुसऱ्या पारड्यात ओळखीचा झालेला माणूस, असे मला कोणी विचारले नव्हते. शेवटी भावाने एक पुस्तक जाळले आणि एक ठेवले. त्यानंतर बराच वेळ तो काही बोलला नाही. मीही बोलले नाही.

तो गेम साराजेव्होच्या वेढ्यावरून सुचलेला आहे. बोस्नियाच्या त्या राजधानीला एप्रिल १९९२ पासून फेब्रुवारी १९९६ पर्यंत वेढा पडला होता. १९९२ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयावर तोफगोळे टाकण्यात आले. ते धडधडून पेटले आणि लाखो ग्रंथांची राख झाली. ही हकीकत आम्हां दोघांना दुसऱ्या दिवशी कळली. आदल्या रात्रीच्या प्रश्नाने भावाला स्वस्थ बसू दिले नाही, म्हणून तो वाचत सुटला होता. "ताई, खरोखरच्या गावात तर त्यांनी अख्खी लायब्ररी जाळली होती," हे सांगायला तो माझ्या खोलीत आला. त्याने मला वाचलेले काहीतरी सांगण्याचा आमच्या घराच्या इतिहासातला तो पहिला प्रसंग! गेमने प्रश्न टाकला होता आणि उत्तरासाठी त्याला अक्षरांकडे यावे लागले होते. २०२० मध्ये पोलंडच्या सरकारने हाच गेम माध्यमिक शाळांतील मोठ्या विद्यार्थ्यांच्या शिफारस केलेल्या यादीत घालण्याचे जाहीर केले, यात मला आता नवल वाटत नाही.

सगळेच गेम असे असतात का? मुळीच नाही. सगळ्या कादंबऱ्या तरी कुठे 'रणांगण' असतात? निवड करणे हेच तर ग्रंथपालाचे काम.

तरी कोणी म्हणेल, ज्याला खेळायचे त्याने विकत घ्यावा; ग्रंथालयाचा काय संबंध? इथे मला दुकान आणि ग्रंथालय यांतला फरक सांगावासा वाटतो. दुकान जे खपते ते ठेवते. ग्रंथालय जे खपेनासे झाले तेही ठेवते. आणि खेळांचा इतिहास तर विसरण्याचाच इतिहास आहे. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबोथम या शास्त्रज्ञाने पाहुण्यांच्या करमणुकीसाठी एका छोट्या गोल पडद्यावर टेनिसचा खेळ मांडला. लोकांनी रांगा लावल्या. पुढच्या वर्षी ते यंत्र मोडून त्याचे भाग दुसऱ्या कामांना वापरले गेले! आपण काही जपण्याजोगे केले आहे, हे करणाऱ्यालाही वाटले नव्हते. १९८२ साली अटारी कंपनीने काढलेला 'ई. टी.' हा गेम इतका पडला, की न खपलेल्या प्रती दुसऱ्या वर्षी न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचऱ्याच्या खड्ड्यात पुरण्यात आल्या. २०१४ मध्ये लोकांनी तो खड्डा उकरला, आणि त्या उकिरड्यातली एक प्रत वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जाऊन बसली. आमच्या मोहेंजोदडोला निदान हजारो वर्षे वाट पाहावी लागली. इथे एकतीस वर्षांतच उत्खनन!

हसण्यावारी नेण्याजोगी ही गोष्ट नाही. २०२३ साली अमेरिकेत एक पाहणी झाली. २०१० पूर्वी तिथे निघालेल्या गेमांपैकी ८७ टक्के गेम आज सरळ मार्गाने विकत मिळत नाहीत, असे तिच्यात दिसून आले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये निन्टेन्डो कंपनीने आपल्या दोन जुन्या यंत्रांची ऑनलाइन दुकाने बंद केली. केवळ तिथेच मिळणारे खेळ त्या दिवसापासून नव्याने विकत मिळेनासे झाले. पुस्तकाची आवृत्ती संपली तरी कोठल्या तरी गावच्या वाचनालयात, पाने पिवळी पडलेली, वाळवीने कडा खाल्लेली का होईना, एक प्रत उरते. इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या खेळाची अशी विसरलेली प्रत कोणत्या कपाटात उरणार?

काही ठिकाणी हे ओळखले गेले आहे. फ्रान्सने १९९२ च्या कायद्यानेच व्हिडिओ गेमची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात जमा करणे आवश्यक केले. स्टीफन कॅब्रिनेटी नावाच्या अमेरिकन तरुणाने लहानपणापासून हजारो गेम जमवले. तो १९९५ साली अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी वारला, आणि त्याचा तो संग्रह आता स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. मिशिगन विद्यापीठाच्या ग्रंथालयात २००८ पासून अशा खेळांचे स्वतंत्र दालन आहे. तिथे जुन्या यंत्रावर बसून जुना खेळ खेळून पाहता येतो. पण वाट सोपी नाही. जपलेले जुने खेळ अभ्यासकांना दूरवरून पाहू द्यावेत, एवढी सवलत ग्रंथालयांनी मागितली, तर २०२४ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने तीही नाकारली. पुस्तक घरी नेता येते. खेळ पाहायचा तर त्याच्या दारी जावे लागते.

आपल्याकडे १९५४ चा ग्रंथप्रदान कायदा आहे. त्याप्रमाणे प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील ग्रंथालयांना द्यायची असते. १९५६ साली त्यात वर्तमानपत्रे-नियतकालिके आली. खेळ आले नाहीत. त्या वेळी ते नव्हतेच. पण आता आहेत, आणि आपल्या उंबरठ्यावर आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने २०२० मध्ये 'राजी' नावाचा गेम काढला. त्यातली राजी ही एक साधी मुलगी. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधायला ती निघते. वाटेत देवळे, भित्तिचित्रे, पुराणकथा लागतात. पन्नास वर्षांनी मराठी मुलखातल्या या उद्योगाचा इतिहास लिहायला कोणी बसला, तर हा खेळ त्याने कुठे पाहायचा? 'एके काळी असे काहीतरी होते म्हणतात' एवढ्यावर त्याने समाधान मानायचे काय?

आता आक्षेपांकडे. पैशाचा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो. जिथे ग्रंथखरेदीलाच निधी पुरत नाही, तिथे गेम कशाला? हे मी मान्य करते. नवी यंत्रे घेण्यासाठी एकही पुस्तक कमी होऊ नये. आवाजाचा आक्षेपही खरा. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुले सकाळी सातपासून अभ्यासिकेत जागा धरतात. त्यांच्या कानाशी धडाडधूम नको. व्यसनाचा आक्षेप तर घराघरांतला. पण पैसे लावून खेळायचे जुगारी अॅप आणि गोष्ट सांगणारा गेम यांना एकाच दावणीला बांधू नये. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने जो कायदा केला, त्यानेही पैशाचे ऑनलाइन खेळ निराळे काढले आहेत. आणि खरे सांगू? बंद खोलीत, एकट्याने, रात्री दोन वाजता खेळण्यापेक्षा चार जणांच्या देखत, ठरलेल्या वेळी, समोर ग्रंथपाल बसलेले असताना खेळणे व्यसनाला फारसे पोषक नसावे!

म्हणून माझी मागणी लहान आहे. ग्रंथालयात आहेत त्यांतलाच एक संगणक; दोन हेडफोन; आठवड्यातून एक दुपार. प्राध्यापक आणि विद्यार्थी यांनी मिळून निवडलेले आठ-दहा गेम. त्यांत 'राजी' असावा. साराजेव्होचा तो गेम असावा, अर्थात अठरा पूर्ण झालेल्यांसाठी. अलास्कातील इन्युपिआक लोकांच्या वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन २०१४ साली 'नेव्हर अलोन' हा गेम निघाला. त्यात लोककथा त्यांच्याच भाषेत सांगितलेली ऐकू येते. बोलीभाषांवर प्रकल्प लिहिणाऱ्या आमच्या वर्गाने तो एकदा अवश्य ऐकावा. शेजारी एक वही असावी. खेळणाऱ्याने तिच्यात पाच ओळी लिहाव्यात : काय खेळलो, काय वाटले, त्यावरून काय वाचावेसे वाटले.

आणि हे मी कोणासाठी मागते आहे? खेळणाऱ्यांसाठी नव्हे. त्यांना ग्रंथालयाची गरज नाही. त्यांचे खेळ त्यांच्या खिशात आहेत. गरज आहे ती माझ्यासारख्यांना. मी गेम विकत घेणार नाही, घरी बसून शिकणार नाही, आणि कट्ट्यावर विचारायला मला लाज वाटते. मग माझ्याच पिढीतली निम्मी मुले ज्या जगात रात्री घालवतात, ते जग मी कुठे पाहू? मला पदार्थविज्ञान कळत नाही, तरी त्याचे कपाट माझ्या वाटेवर आहे. एखादे दिवशी त्यातले पुस्तक मी उघडू शकते. आपल्या आवडीचे तर आपण कुठेही मिळवतो. न आवडणारे, न समजणारे, दुसऱ्या कोणाचे तरी आवडते असे काही आपल्यासाठी सांभाळून ठेवणारे घर गावात एकच असते.

पुढच्या जूनमध्ये माझा भाऊ याच महाविद्यालयात प्रथम वर्षाला येईल. त्याचे ओळखपत्र होईल, ग्रंथालयाचे कार्ड होईल, आणि माझ्या आग्रहाखातर तो एकदा तरी त्या दारातून आत शिरेल. तेव्हा त्याला तिथे ओळखीचे असे एक काहीतरी दिसावे. त्याच्या शेजारच्याच फळीवर बोस्नियाचा इतिहास असावा. बाकीचे तो आणि ती फळी पाहून घेतील.